सहा वाजता विझणारी ज्योत

चंद्रप्रकाश धुरी नेमकं काय काम करतो, हे कांजूरमार्गच्या त्याच्या बिल्डिंगमध्ये कोणालाच नीट माहीत नव्हतं. कोणी विचारलंच तर तो "गॅसच्या लाइनला आहे" एवढंच सांगायचा. ऐकणारा समजायचा की घरोघरी शेगडीला येणाऱ्या गॅसचं काम असेल. तो समज त्यानं अकरा वर्षं तसाच राहू दिला होता. खोटं तर तो बोलत नव्हता.

पूर्व उपनगरात खाडीच्या अंगाला कचऱ्याची एक जुनी टेकडी आहे. कोणती, ते सांगण्यात अर्थ नाही. बाहेरून पाहणाऱ्याला ती टेकडीच वाटते, कारण कचरा टाकणं बंद झाल्यावर तिच्यावर मातीचा जाड थर चढवला आणि गवत लावलं. त्या मातीत अडतीस पाइप उभे रोवलेले आहेत. आत तीस-पस्तीस वर्षांचा कचरा कुजत असतो आणि त्यातून जो वायू निघतो तो या पाइपांतून एक मोठा पंखा ओढून घेतो. टेकडीच्या टोकाला लोखंडी चिमणी आहे, तिथं तो जाळून टाकतात. चंद्रप्रकाशचं काम म्हणजे रोज सकाळी हातात मीटर घेऊन अडतीस पाइपांपाशी जायचं, वायू किती, हवा किती, दाब किती ते बघायचं आणि वहीत लिहायचं. लिहिताना तो आकडा मोठ्यानं म्हणायचा. कित्येक दिवस असे जात की घरून निघाल्यापासून परत येईपर्यंत त्या आकड्यांशिवाय त्याच्या तोंडून दुसरा शब्द निघत नसे.

सोबतीला म्हणायला गेटवर एक वॉचमन होता, पण तो गेट सोडून वर येत नसे. वास हेच कारण. चंद्रप्रकाश घरी आल्यावर दोनदा अंघोळ करायचा, डोक्याला शिकेकाई, अंगाला कडुनिंबाचा साबण. तरी बसमध्ये त्याच्या शेजारची जागा बहुधा रिकामीच राहायची. उभी माणसं त्या जागेकडे बघायची आणि उभीच राहायची. हळूहळू त्यानंच बसायचं सोडून दिलं. मागच्या दाराशी उभा राहायचा, तोंड बाहेर करून.

त्याची बायको मालन तीन वर्षांपूर्वी कणकवलीजवळच्या गावी गेली होती. सासू, म्हणजे त्याची आई, न्हाणीत पडली, कंबरेचं हाड मोडलं, करायला कोणीतरी हवं होतं. दीड वर्षानं सासू गेली. तेराव्याला चंद्रप्रकाश गावीच होता. निघायच्या दिवशी त्यानं विचारलं, "तुझी बॅग?" तेव्हा ती मागल्या दारी हळसांद्याच्या शेंगा सोलत होती. म्हणाली, "मी ऱ्हवतंय थोडे दिवस. हंय माका श्वास घेवक मेळता." भांडण नाही, तंटा नाही. ते थोडे दिवस अजून संपले नव्हते. मुलगा केतन दोह्याला एसी दुरुस्तीच्या कामाला होता, त्याचा महिन्यातून दोनदा फोन यायचा आणि दोन्ही वेळा तो तिकडे किती उकडतंय तेच सांगायचा.

आता चिमणीवरच्या ज्योतीची गोष्ट. खाडीच्या अलीकडे मिठागरांच्या रस्त्याला तीन टॉवर उभे राहिले होते. तिथं लोक राहायला आले आणि त्यांना बाल्कनीतून ती ज्योत दिसायला लागली. अंधार पडला की जास्तच. दोन-अडीच पुरुष उंच, निळसर, वाऱ्यावर फडफडणारी. लोक घाबरले. मुलांच्या फुप्फुसांचं काय, स्फोट झाला तर काय, अशी पत्रं वर गेली. वरून टेकडीचं काम बघणाऱ्या राजेश साहेबांना फोन आला आणि साहेबांनी चंद्रप्रकाशला बोलावून सांगितलं, "धुरी, संध्याकाळी सहाला पंखा बंद करायचा. सकाळी सातला चालू. उगाच लोकांच्या डोळ्यांवर नको."

"गॅस साचेल ना साहेब?"

"थोडा साचेल, सकाळी ओढून घेईल. एवढं काय."

चंद्रप्रकाशला ते पटलंही. धूर कमी तेवढं चांगलं, असं कोणालाही वाटेल. तेव्हापासून रोज सहाला तो पंख्याचं बटण दाबायचा. ज्योत बसकी व्हायची, दोन-तीनदा उसळायची आणि विझायची. मग तो कुलूप लावून निघायचा. अशी चौदा महिने त्यानं ती स्वतःच्या हातानं विझवली.

फेब्रुवारीत श्वेता आली. पवईच्या बाजूला कुठल्यातरी संस्थेत ती पीएचडी करत होती. कचऱ्याच्या टेकड्यांमधून हवेत किती मिथेन जातो, हा तिचा विषय. मिथेन म्हणजे तोच, जो चंद्रप्रकाश अकरा वर्षं मोजत होता. पहिल्या दिवशी तिनं दोन मास्क एकावर एक लावले होते आणि तरी अर्ध्या तासानं टेकडीखाली जाऊन तिला उलटी झाली. चंद्रप्रकाशनं पाण्याची बाटली नेऊन दिली आणि लांब उभा राहिला.

"सॉरी काका," ती म्हणाली.

"त्यात सॉरी काय मॅडम? मला पहिले चार दिवस जेवणच गेलं नव्हतं."

तिच्याकडे पत्र्याचे डबे होते. ते जमिनीवर उपडे घालायचे, कडा मातीत दाबायच्या आणि ठरावीक वेळानं वरच्या छिद्रातून इंजेक्शनच्या सिरिंजनं आतली हवा खेचून बाटलीत भरायची. एवढ्या मोठ्या टेकडीवर डबे कुठं कुठं घालायचे, हा प्रश्न होता. तिनं नकाशावर चौकोन आखून आणले होते. चंद्रप्रकाशनं नकाशा पाहिला, दोन दिवस काही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी न राहवून म्हणाला, "मॅडम, इथं कशाला लावता? इथं काही नाही येणार. तिकडे चला."

त्यानं तिला दक्षिणेच्या उतारावर नेलं. सगळीकडे गवत गुडघाभर होतं आणि मधेच ताटाएवढे, परातीएवढे करपलेले गोल होते. "गवताच्या मुळांना हवा लागते. खालून गॅस आला की मुळं गुदमरतात. जिथं गवत मेलं तिथं समजायचं. आणि थंडीत कुत्री झोपतात ना, तीपण अशाच जागेवर. खाली गरम असतं."

श्वेतानं तिथं डबा घातला. नकाशातल्या जागेपेक्षा चाळीसपट आकडा आला. तिनं नकाशा घडी करून बॅगेत टाकला आणि म्हणाली, "काका, उद्यापासून तुम्ही सांगाल तिथं."

त्यानंतरचे तीन आठवडे चंद्रप्रकाशला फार छान गेले. कंटेनरच्या केबिनमध्ये दोघं एकत्र डबा खायचे. ती बोरिवलीची, आई शाळेत क्लार्क. तिला सुकट आवडायची, तो मुद्दाम करून आणायचा. ती "मॅडम"ची "श्वेता" झाली. तो तिला पाइपांच्या खोडी सांगायचा. नऊ नंबर पाऊस पडला की घुसमटतो, एकतीस नंबर कधी खोटं बोलत नाही. ती त्याला वरच्या, हवेतल्या गोष्टी सांगायची. एवढी वर्षं त्यानं आकडे लिहिले होते, पण ते कशाचे आकडे आहेत हे कोणी सांगितलं नव्हतं.

"ऊन जमिनीवर पडतं, जमीन तापते," ती पोळीचा तुकडा मोडत म्हणाली. "मग ती उष्णता परत वर जायला निघते. हवेतले काही वायू तिला वाटेत धरतात. धरतात हे चांगलंच आहे, नाहीतर आपण गोठून मेलो असतो. पण आपण ते वायू वाढवत गेलो. कोळसा जाळला, पेट्रोल जाळलं, डिझेल जाळलं. कोट्यवधी वर्षं जमिनीखाली गाडलेलं दीडशे-दोनशे वर्षांत वर काढून जाळलं. त्याचा कार्बन डायऑक्साइड झाला. सगळ्यात मोठा वाटा त्याचा."

"आणि हा आपला?"

"हा दुसऱ्या नंबरचा. गाईम्हशींच्या पोटातून, भातशेतीतून, तेलाच्या विहिरींतून आणि अशा ढिगांतून निघतो. ओला कचरा मातीखाली गाडला की हवा मिळत नाही. हवेशिवाय जगणारे जंतू तो खातात आणि मिथेन सोडतात. आतापर्यंत पृथ्वी जेवढी तापलीय ना काका, त्यात जवळजवळ तिसरा हिस्सा मिथेनचा धरतात."

चंद्रप्रकाशनं दारातून टेकडीकडे पाहिलं. आपण ज्या गोष्टीवर चालतो ती एवढी मोठी आहे, हे त्याला त्या क्षणापर्यंत वाटलं नव्हतं.

एकदा ती म्हणाली, "मला आता वास येत नाही, माहितीये?"

"मलापण नाही येत," तो म्हणाला. "पण लोकांना येतो. मग वाटतं, तो आता टेकडीचा नसेल, माझाच असेल."

डब्यातली उरलेली सुकट तिनं आपल्या पोळीवर वाढून घेतली आणि खाल्ली.

तिचे शेवटचे चार दिवस राहिले असताना संस्थेतून एक कॅमेरा आला. फार महागाचा म्हणून तो दोनच दिवस मिळणार होता. डोळ्याला न दिसणारा मिथेन त्यातून धुरासारखा दिसायचा. दिवसा तिनं सगळ्या टेकडीचं चित्रण केलं. इकडे तिकडे बारीक धुरकट रेषा दिसत होत्या, पण विशेष काही नाही. ती जरा खट्टू झाली. पावणेसहा वाजले. ती तिवईवर लावलेला कॅमेरा आवरायला लागली आणि चंद्रप्रकाश पंखा बंद करायला गेला.

त्यानं बटण दाबलं. ज्योत बसली, उसळली, विझली. तो परत आला तेव्हा श्वेता कॅमेऱ्याच्या पडद्यात बघत उभी होती. हात तिनं तोंडावर धरला होता.

"काका, तुम्ही आत्ता काय केलंत?"

"पंखा बंद केला. रोज करतो. का?"

"इकडे या."

त्यानं पडद्यात पाहिलं. आधी कळेचना. मग ओळखीचा उतार दिसला, एकतीस नंबरचा पाइप दिसला आणि त्याच्या आजूबाजूला सगळी टेकडी धुमसत होती. करपलेल्या गोलांतून, मातीच्या भेगांतून, पाइपांच्या बुडातून काळसर लोट निघत होते आणि खाडीवरून येणाऱ्या वाऱ्यानं टॉवरच्या दिशेनं वाकत होते. त्यानं मान वर करून पाहिलं. समोर काहीच नव्हतं. स्वच्छ आकाश, गवत, आणि दोन बगळे. पुन्हा पडद्यात पाहिलं. लोट वाढले होते.

"हे रोज होतं?" तिनं विचारलं.

"सहा ते सात. सकाळी सातपर्यंत."

"कधीपासून?"

"चौदा महिने झाले." तो थांबला. "मला वाटलं, जाळायचं बंद केलं म्हणजे धूर कमी."

तिनं सावकाश सांगितलं, त्याला लागू नये अशा बेतानं. मिथेन जाळला की त्याचा कार्बन डायऑक्साइड आणि वाफ होते. तोही काही चांगला नाही, पण तसाच सोडलेला मिथेन वीस वर्षांच्या हिशेबात तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा ऐंशीपट उष्णता धरतो. ज्योत दिसते म्हणून लोक भितात. पण ती ज्योत ऐंशीचे जेमतेम तीन करण्याचं काम करत होती.

"किती गेला असेल?" त्यानं विचारलं.

"पक्कं मोजावं लागेल. पण अंदाजानं, पाच-सहा हजार गाड्या वर्षभर रोज रस्त्यावर चालवल्यासारखं."

चंद्रप्रकाशच्या डोळ्यांसमोर गाड्या आल्या नाहीत. त्याला आपला उजवा हात दिसला, बटणावरचा. त्यानं आयुष्यात स्कूटरही घेतली नव्हती.

तो वळला, पंख्याच्या खोलीत गेला आणि बटण परत चालू केलं. त्या संध्याकाळी ज्योत जळतच राहिली. दुसऱ्या दिवशी अकराच्या आत राजेश साहेबांचा फोन आला.

"धुरी, टॉवरवाल्यांचे सकाळपासून चार फोन. डोकं फिरलंय का तुझं?"

त्यानं सगळं सांगितलं. साहेब माणूस वाईट नव्हता. त्यानं ऐकून घेतलं, व्हिडिओ मागवून पाहिला. मग म्हणाला, "मला कळतंय रे. पण मी वर काय सांगू? तक्रार त्यांची आहे. त्यांनी मागे घेतली तर माझी हरकत नाही. तोपर्यंत सहाला बंद."

"मी जाऊन बोलू त्यांच्याशी?"

साहेब हसला. "तू? जा. बघ."

श्वेता बरोबर आली असती. पण तिच्या गाइडनं तिला नमुने घेऊन बंगळुरूला पाठवलं, तिथल्या यंत्राची तारीख मिळाली होती. जाताना तिनं व्हिडिओ त्याच्या मोबाइलवर टाकला आणि काय काय बोलायचं ते एका कागदावर लिहून दिलं. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "काका, तुम्हीच बोला, माझ्यापेक्षा बरं बोलाल." रिक्षा गेली. तो केबिनमध्ये आला तेव्हा टेबलावर तिचा एक पत्र्याचा डबा राहिला होता. त्यानं तो पुसून कपाटावर ठेवला.

रविवारी सकाळी अकराला टॉवरच्या क्लब हाउसमध्ये सोसायटीची मीटिंग होती. चंद्रप्रकाश लग्नाला घालायचा तो क्रीम रंगाचा शर्ट घालून गेला. पहाटे त्यानं तीनदा अंघोळ केली होती. सेक्रेटरी श्यामकांत पिटकर म्हणून होते, बँकेतून निवृत्त झालेले, सौजन्यशील. त्यांनी त्याला खुर्ची दिली. आधी पार्किंग, मग लिफ्ट, मग कुत्र्यांना खायला घालण्यावरून वाद, असं करत सव्वाबाराला त्याचा नंबर आला. तोवर त्याच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या हळूच सरकल्या होत्या.

तो उभा राहिला. कागद खिशातून काढला, पण चष्मा घरी राहिला होता.

"माझं नाव चंद्रप्रकाश धुरी," तो म्हणाला. "समोर कचऱ्याची टेकडी आहे ना, मी तिथं काम करतो. अकरा वर्षं." चार माणसांत हे वाक्य तो पहिल्यांदाच बोलत होता. म्हटल्यावर त्याला वाटलं होतं तेवढं जड गेलं नाही. "ती ज्योत मी विझवतो, रोज सहाला. तुम्हाला त्रास होतो म्हणून. पण त्यानं काय होतं ते मला माहीत नव्हतं. तुम्हालापण नसेल."

त्यानं मोबाइल पिटकरांकडे दिला, त्यांनी तो हॉलमधल्या टीव्हीला जोडून दिला. भिंतीवर टेकडी धुमसायला लागली. कुजबूज थांबली. चंद्रप्रकाशनं आपल्या भाषेत सांगितलं. कचरा आत गुदमरतो, गुदमरला की हा वायू सोडतो, जाळला तर निभतं, नाही जाळला तर वर जाऊन बारा-बारा वर्षं राहतो आणि ऊब धरतो. "मार्चमध्ये एवढं उकडतंय, त्याला हीच टेकडी कारण असं मी म्हणत नाही. मोठं कारण कोळसा, पेट्रोल, डिझेल. पण हा वाटा माझ्या हातातला आहे. बटण माझ्याकडे आहे. तुम्ही हो म्हणालात तर मी ते दाबणार नाही."

मागून एका बाईंनी विचारलं, "आमचा ओला कचरा तिथंच येतो का हो?"

"नाही, आमची टेकडी भरली. आता दुसऱ्या डोंगरावर जातो. तिथंपण असाच कुजतो."

मग एक तरुण गृहस्थ म्हणाले, "ते सगळं ठीक आहे, सायन्स समजलं. पण रोज संध्याकाळी समोर जाळ बघायचा म्हणजे… पाहुणे विचारतात."

त्यावर अर्धा तास चर्चा झाली. चंद्रप्रकाश उभाच होता, बसायला कोणी सांगितलं नाही आणि त्यालाही सुचलं नाही. शेवटी पिटकरांनी तोडगा काढला. ज्योतीभोवती उंच पत्र्याचं पिंप उभारता येत असेल, म्हणजे आत जळेल पण बाहेरून दिसणार नाही, तर सोसायटी तक्रार मागे घेईल. सगळ्यांनी हात वर केले. पिटकर दारापर्यंत सोडायला आले. म्हणाले, "छान समजावलंत. खरंच." आणि हात पुढे केला. मग हातातली फाइल या हातातून त्या हातात घेतली आणि नमस्कार केला.

पत्र्याचं पिंप यायला पाच आठवडे लागले. तोवर साहेबानं डोळेझाक केली आणि ज्योत चालू राहिली. पिंप बसलं त्या दिवशी चंद्रप्रकाशनं श्वेताला फोटो पाठवला. तिचा लगेच फोन आला. टेकडीतून सुटणारा वायू अर्ध्याहून खाली येईल, असा तिचा अंदाज होता. तिच्या लेखात शेवटी आभार मानायच्या ओळीत त्याचं नाव येणार होतं. ती हैदराबादच्या एका टेकडीवर होती. मागून वाऱ्याचा आवाज येत होता आणि कोणीतरी तिला हाक मारत होतं. "नंतर बोलू काका," ती म्हणाली. नंतर दोनदा तिचे मेसेज आले, मग तेही थांबले. त्याला राग आला नाही. तिच्यापुढे अशा पुष्कळ टेकड्या होत्या.

एका रविवारी दुपारी जेवण झाल्यावर त्यानं मालनला फोन लावला. नेहमी बोलणं ठरलेलं असायचं. जेवलास काय, पाणी आलं काय, केतनचा फोन. ते झालं. मग ती ठेवणार एवढ्यात तो म्हणाला, "मालन, मी तुका एक सांगतंय, आयक."

आणि त्यानं सगळं सांगितलं. पाइप, पंखा, कॅमेऱ्यातला धूर, चौदा महिने, क्लब हाउस. अकरा वर्षांत त्यानं तिलासुद्धा कधी एवढं सांगितलं नव्हतं. तिला वास माहीत होता, काम माहीत नव्हतं. ती मधे एकदाही बोलली नाही. त्याला वाटलं, लाइन गेली.

"आसस मा?"

"आसंय," ती म्हणाली. "म्हंजे आपल्या गोबरगॅसासारख्याच मा तां? शेण टाकीत कुजता, गॅस वर येता. झाकण उघडा ऱ्हवला तर सगळो फुकट जाता, वर वास. पेटवलो तर भाकरी होता."

चंद्रप्रकाश थक्क झाला. जे समजायला त्याला पडदा लागला, पीएचडीची मुलगी लागली, ते हिनं चुलीपुढे बसून एका दमात सांगितलं होतं.

"तसांच," तो म्हणाला. "अगदी तसांच."

"मग आदी नाय सांगलास तां?"

पलीकडे कोंबड्या कलकलल्या, तिनं कोणाला तरी हाकललं. मग ती परत फोनवर आली आणि तिनं विचारलं, "तुमी थंय दिसभर एकटेच आसतास?"

तीन वर्षांत हा प्रश्न तिनं विचारला नव्हता, आणि विचारला असता तर त्यानं "छे गे, माणसा आसत" असंच सांगितलं असतं.

"होय," तो म्हणाला. "एकटोच आसतंय."

या वेळी तिनं फोन ठेवायची घाई केली नाही. त्यानं फोन कानाला तसाच धरून ठेवला.